पंच्याण्णव वर्षं, एकच शेत: मक्याच्या मुलखातल्या एका निधनवार्तेचा हिशेब

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, मिनेसोटा, इंडियाना अशा मक्याच्या राज्यांत, छोट्या गावांची साप्ताहिकं अजून निघतात. त्यांतलं निधनवार्तांचं पान मन लावून वाचण्यासारखं असतं. आपल्याकडच्या ‘दुःखद निधन’च्या चौकटीपेक्षा ही वार्ता बरीच ऐसपैस असते, दोन-तीन परिच्छेदांत माणसाचं अख्खं आयुष्य सांगून टाकते. शेतकऱ्यांच्या बाबतीत तर या वार्ता इतक्या एकसारख्या असतात की दहा वाचल्यावर अकरावी आपल्यालाही लिहिता यावी. साधारण अशी:

‘घरच्या शेतावरच १९२४ साली जन्म. आठवीपर्यंत एका खोलीच्या शाळेत शिक्षण. १९४७ मध्ये विवाह. आयुष्यभर मका, सोयाबीन आणि डुकरं, काही वर्षं दुभत्या गायी. सहकारी धान्य कोठाराचे संचालक, चर्चच्या समितीचे सदस्य, फोर-एच या ग्रामीण मुलांच्या क्लबचे मार्गदर्शक. १९८६ मध्ये निवृत्त. मुलांचा एकही सामना चुकवला नाही. मागे चार मुलं, अकरा नातवंडं, एकोणीस पतवंडं.’

ही वार्ता कुणा एका खऱ्या माणसाची नाही. अनेक वार्तांमधल्या नेहमीच्या ओळी जुळवून मी ती रचली आहे. शेत आयोवात धरू, निधन २०१९ मधलं, आणि या माणसाला नुसतं आजोबा म्हणू.

वाचताना वाटतं, काय संथ आयुष्य! जग कुठल्या कुठे गेलं आणि आजोबा आपले जागच्या जागी. पण १९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेतं होती आणि २०२२ च्या कृषी गणनेत १९ लाख उरली. म्हणजे दहांतली सात गेली. सरासरी शेत १५५ एकरांवरून ४६३ एकरांवर गेलं. या पडझडीत ‘आयुष्यभर शेती केली’ असं ज्याच्याबद्दल लिहिता येतं तो माणूस अपवाद ठरतो. हा अपवाद घडतो कसा, हे समजायला त्या वार्तेतली जवळजवळ प्रत्येक ओळ उसवून पाहावी लागते.

घरचं शेत

विमानातून आयोवा पाहिलं तर जमीन चौकटीच्या वहीसारखी दिसते. १७८५ च्या कायद्याने अमेरिकी सरकारने पश्चिमेकडची जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत मोजायला सुरुवात केली. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव भाग १६० एकर. एका कुटुंबाला, घोड्यांच्या बळावर, एवढी जमीन पुरेशी आणि झेपण्याजोगी मानली जाई. महाराष्ट्रातली सरासरी धारणा सव्वातीन एकरांच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याला हे आकडे जमीनदारीचे वाटतात. पण तिथे वर्षात पीक एकच, हिवाळाभर बर्फ, आणि राबायला घरचीच माणसं. १६० एकरवाला तिकडे मध्यम शेतकरी होता, आता तर छोटाच.

निधनवार्तेत पणजोबा जर्मनीहून किंवा नॉर्वेहून आल्याचं हमखास लिहिलेलं असतं. ते आले तेव्हा जमीन कुणाची होती, हे नसतं. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी जमातींकडून पूर्व आयोवाची पट्टी घेतली गेली आणि पुढच्या वीसेक वर्षांत बाकीचंही राज्य गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी मोकळं झालं. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये टामा परगण्यात स्वतःचे पैसे मोजून ८० एकर परत विकत घेतले. तिथे ते आजही आहेत.

उत्तर-मध्य आयोवाची काळी माती म्हणजे मुळात दलदल. जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप पुरून शेतकऱ्यांनी तिचं पाणी काढलं, तेव्हा कुठे ती लागवडीखाली आली. या कामाला पैसा लागला, पैशासाठी जमीन गहाण पडली. थोडक्यात, आजोबा जन्मले ते शेत जन्मापासून कर्जाशी बांधलेलं होतं.

आठव्या वर्षी पाहिलेला लिलाव

१९३२ मध्ये आजोबा आठ वर्षांचे. मक्याचा भाव इतका कोसळला की काही ठिकाणी एका बुशेलला, म्हणजे साधारण २५ किलोंना, दहा सेंट मिळत. कोळशापेक्षा मका स्वस्त पडतो म्हणून लोकांनी तो चुलीत घातला. हप्ते थकले, बँकांनी लिलाव लावले. मग शेजाऱ्यांनी एक युक्ती काढली. सगळे मिळून लिलावाला जायचं, घोड्याला पाच सेंट, नांगराला दहा सेंट अशी बोली लावायची, बाहेरच्या कुणी खरी बोली लावायचं धाडस केलं तर त्याच्याकडे रोखून पाहायचं, आणि विकत घेतलेलं सगळं संध्याकाळी मूळ मालकाला परत द्यायचं. याला ‘पेनी ऑक्शन’ म्हणत. दरवेळी ते एवढ्या शांतपणे निभावलं नाही. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातल्या ल मार्स गावी शेतकऱ्यांच्या जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना कोर्टातून ओढून बाहेर नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. जप्तीच्या आदेशांवर सह्या करणार नाही असं ते कबूल करत नव्हते. शेवटी जमावानेच हात आवरला आणि ते वाचले, पण राज्यात लष्करी बंदोबस्त लावावा लागला.

त्या वयात हे पाहिलेल्या पोरांच्या मनात कर्जाची एक धास्ती कायमची बसली. तरुणपणी ती मागासपणाची खूण वाटे. पन्नास वर्षांनी तिचं मोल कळलं, ते पुढे येईलच.

जास्त पिकवून कमी कसं मिळतं

आता या सगळ्या गोष्टीचा कणा, आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा भाग.

१९२६ मध्ये हेन्री वॉलेस यांनी आयोवात संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी काढली. हेच वॉलेस पुढे रूझवेल्ट सरकारात कृषिमंत्री आणि मग उपराष्ट्राध्यक्ष झाले. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं ठेवून चालत नाही. तरीही १९३५ मध्ये आयोवातल्या मक्याच्या दहा टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेलं हे बियाणं चार-पाच वर्षांत नव्वद टक्क्यांवर पोहोचलं. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी आयोवातल्या दोन गावांच्या परिसरात २५९ शेतकऱ्यांना घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा दोघं सोडून बाकी सगळ्यांनी ते स्वीकारलेलं होतं. बियाण्याची माहिती विक्रेत्याकडून मिळाली तरी विश्वास मात्र शेजाऱ्याचं शेत पाहून बसला, असं त्यांना आढळलं. कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही, पण नोंद झाली हे बरं झालं.

सगळ्यांनी घेतलं म्हणजे सगळ्यांचा फायदा झाला असेल? एक छोटं गणित मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत.

जुन्या बियाण्याने एकरी ४० बुशेल होतात, भाव १ डॉलर, खर्च ३० डॉलर. हातात १० डॉलर. आता एकाने नवं बियाणं लावलं. त्याचे ५० बुशेल झाले, खर्च ३२. भाव अजून तोच, कारण एका माणसाच्या धान्याने बाजार हलत नाही. त्याच्या हातात १८ डॉलर. हे पाहून सगळ्यांनी तेच लावलं. बाजारात पंचवीस टक्के धान्य जास्त आलं, पण लोकांची पोटं काही पंचवीस टक्क्यांनी वाढली नाहीत. भाव ८० सेंटवर आला. आता ५० बुशेलचे ४० डॉलर, खर्च ३२, हातात ८. म्हणजे एवढं करून सुरुवातीपेक्षा दोन डॉलर कमीच. मग नवं बियाणं न घेणारा शहाणा का? त्याचे ४० बुशेल, ८० सेंटने ३२ डॉलर, खर्च ३०, हातात २. तो संपलाच.

मिनेसोटा विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ विलर्ड कॉक्रेन यांनी १९५८ मध्ये या प्रकाराला ‘ट्रेडमिल’ म्हटलं. पहिल्या काहींना नफा, मधल्यांची बरोबरी, शेवटच्यांची हकालपट्टी. आणि तोवर पुढचं तंत्र येऊन उभं. संकरित बियाण्यानंतर अमोनिया खत, मग तणनाशकं, मग मोठी कापणी यंत्रं, १९९६ मध्ये तणनाशक सहन करणारं सोयाबीन. गेल्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेत मक्याचं सरासरी उत्पन्न एकरी २५ बुशेलच्या आसपास, म्हणजे साडेसहा क्विंटलच्या आत-बाहेर घुटमळत होतं. आता ते १७५ बुशेलच्या, म्हणजे ४४ क्विंटलच्या घरात आहे. सातपट पिकवूनही शेतकऱ्यांची संख्या घटली, आणि घटण्याचं एक मोठं कारण हे सातपट पिकवणंच आहे.

एकरामागे सुटणारे पैसे कमी झाले की टिकायचा एकच मार्ग उरतो, एकर वाढवणं. ते येणार कुठून? जो संपला त्याच्याकडून. आजोबांचं शेत १६० वरून ३२० एकर झालं ते असं. निधनवार्तेत ही ओळ नसते, पण त्या ३२० एकरांत एखाद-दोन शेजाऱ्यांची घरं बुजलेली असतात. झाडांचा एक पुंजका आणि मोडकी पवनचक्की एवढीच त्यांची खूण.

सरकारने १९३३ पासून भावाला आधार दिला, त्याने ही घसरण मंदावली. थांबली मात्र नाही. आधारभावाची खात्री मिळाल्यावर शेतकरी शेजारच्या जमिनीला जास्त बोली लावू लागला, आणि अनुदानाचा मोठा हिस्सा जमिनीच्या किमतीत जाऊन बसला. ज्याच्याकडे आधीच जमीन होती तो श्रीमंत झाला. ज्याला नव्याने सुरुवात करायची होती त्याला ती महाग पडली. हा मुद्दाही कॉक्रेन यांचाच. मला तो ट्रेडमिलपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे वारसांचा सगळा घोळ यातूनच होतो.

जाता जाता: मध्य-पश्चिमेतल्या सोयाबीनचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांबरोबर काम करून आधुनिक सोयाबीन भारतात रुजवलं. पुढे ते मध्य प्रदेशातून विदर्भ-मराठवाड्यात उतरलं. लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनचा भाव काढताना शिकागोच्या वायद्याकडे नजर असते ती काही उगाच नाही. आयोवात पाऊस चांगला झाला की औसा-निलंग्याच्या शेतकऱ्यालाही त्याची झळ पोहोचू शकते.

हात किती आणि कुणाचे

लहानपणी आजोबांनी मका हाताने काढला. तळहाताला चामड्याच्या पट्ट्याने बांधलेला लोखंडी आकडा, त्याने कणसाचं पान फाडायचं, कणीस मोडून गाडीत भिरकवायचं. दिवसाला शंभर बुशेल काढणारा गडी नावाजलेला मानला जाई. ओट्सची मळणी सावडीने होई. आठ-दहा घरं मिळून एक मळणीयंत्र, आज तुझं खळं उद्या माझं, आणि ज्याच्याकडे मळणी त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण.

१९२४ मध्येच, आजोबांच्या जन्मवर्षी, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘फार्मॉल’ ट्रॅक्टर बाजारात आला. उभ्या पिकाच्या ओळींतून चालेल असा तो होता. घोड्याला खायला लागतं आणि तेही शेतातच पिकवावं लागतं. एकेकाळी अमेरिकेतल्या लागवडीखालच्या जवळजवळ पाव जमिनीवर जनावरांचाच दाणागोटा होत असे. घोडे गेले तशी ती जमीन विक्रीच्या पिकांना मोकळी झाली, म्हणजे बाजारात आणखी धान्य. वीजही उशिराच आली. १९३५ मध्ये दहांतल्या एखाद्याच शेतावर दिवा होता. सरकारने स्वस्त कर्ज दिलं, शेतकऱ्यांनी सहकारी वीजसंस्था काढल्या, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक घरांत वीज पोहोचली.

मग युद्ध. आजोबा अठरा वर्षांचे झाले त्या १९४२ च्या नोव्हेंबरात कायद्यात दुरुस्ती होऊन शेतीला आवश्यक असलेल्या तरुणांना सैन्यभरतीतून सवलत मिळाली. कित्येक घरांत एक भाऊ युद्धावर आणि एक शेतावर, अशी वाटणी झाली. परत आलेल्याला माजी सैनिक म्हणून कॉलेजचं शिक्षण सरकारी खर्चाने मिळालं आणि तो शहरात गेला. राहिलेल्याला शेत मिळालं. शेत कुणाकडे जाईल हे कितीदा आवडीने ठरलं आणि कितीदा भरतीच्या कागदाने, कोण जाणे.

शेत ‘मिळालं’ म्हणजे फुकट मिळालं असं नाही. आधी वडिलांची जमीन अर्धेलीने करायची, मग थोडी खंडाने घ्यायची, पैसे साठले की हप्त्याने विकत. यात डुकरांचा मोठा हात. मक्याला भाव नसेल तर तो डुकरांना घालायचा. पिलं लवकर वाढतात, वर्षात दोनदा पैसा हाती येतो. गहाणखत सोडवणारं जनावर अशीच डुकराची ख्याती होती. आणखी एक कमी चर्चेतली गोष्ट: १९५५ पासून शेतकऱ्यांना सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन लागू झालं. म्हातारपणी जगायला जमिनीचं उत्पन्नच हवं ही अट सैल झाल्यावर वडिलांनी पोराच्या हाती कारभार देणं सोपं झालं.

कुटुंबवत्सल

‘मुलांचा एकही सामना चुकवला नाही’ या ओळीला मी हसणार नाही. पण शेतावरच्या कुटुंबात प्रेम आणि मजुरी वेगळी काढता येत नाही. सहा वर्षांचं पोर कोंबड्यांना दाणे घालतं, दहाव्या वर्षी ट्रॅक्टर चालवतं. फोर-एच क्लबात मुलगा किंवा मुलगी स्वतःचं वासरू वाढवते, हिशेबाची वही ठेवते आणि परगण्याच्या जत्रेत ते मिरवते. या क्लबांच्या मुळाशी एक चतुराई होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृषी विस्ताराचं काम करणाऱ्यांना कळलं की बाप नवं बियाणं हातात धरत नाही, पण पोराने एकरभर लावून जास्त पिकवलं की तो मुकाट्याने पाहतो. ट्रेडमिलवर पहिलं पाऊल अनेक घरांत मुलांनीच टाकलं.

आजींना वार्तेत ‘पत्नी’ एवढंच स्थान असतं. प्रत्यक्षात किराणा, कपडे, शाळेचा खर्च त्यांच्या अंड्यांच्या आणि सायीच्या पैशांवर चाले, म्हणून पिकाचा पैसा कर्जाकडे वळवता येई. कायद्याला हे दिसत नव्हतं. १९७० च्या दशकातही नवऱ्याच्या निधनानंतर वारसा कर लावताना, दोघांच्या नावावरची जमीनही मूळची नवऱ्याचीच धरली जाई. त्यात आपला पैसा होता हे विधवेने सिद्ध करायचं. तीस वर्षं दूध काढलं, हिशेब ठेवले, ट्रॅक्टर हाकला, हा पुरावा चालत नसे. त्यातच करमाफीची मर्यादा १९४२ पासून ६०,००० डॉलरवर अडकलेली आणि जमिनीचे भाव चढलेले. शेतकरी बायकांनीच यावर रान उठवलं. १९७६ मध्ये थोडी सूट मिळाली, आणि १९८१ च्या कायद्याने पती-पत्नींमधला वारसा पूर्ण करमुक्त केला.

पुढच्या पिढीतली सून शिक्षिका किंवा परिचारिका असते. तिच्या पगारापेक्षाही तिच्या नोकरीबरोबर मिळणारा आरोग्य विमा शेताला तारतो. आज अमेरिकी शेतकरी कुटुंबांचं सरासरी उत्पन्न पाहिलं तर त्याचा मोठा भाग शेताबाहेरून येतो.

१९८६

‘१९८६ मध्ये निवृत्त’ हे वाचून वाटतं, बासष्टाव्या वर्षी थकले असतील. शक्य आहे. पण आयोवात १९८६ हे साल साधं नाही.

१९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य घेतलं, भाव कडाडले. कृषिमंत्री अर्ल बुट्झ यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा असा सल्ला दिला. जमिनीचा सरासरी भाव १९७० मध्ये एकरी ४१९ डॉलर होता, तो १९८१ मध्ये २,१४७ वर गेला. बँकेचा माणूस स्वतः शेतावर येऊन सांगे, तुमच्या जमिनीची किंमत वाढलीय, तिच्यावर आणखी कर्ज घ्या. कळीची चूक इथे होती. कर्ज जमिनीच्या किमतीवर दिलं जात होतं, तिच्यातून निघणाऱ्या उत्पन्नावर नाही. किंमत वाढली म्हणून कर्ज मिळे, कर्ज मिळे म्हणून किंमत वाढे.

१९७९ मध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, अध्यक्ष झाले आणि महागाई मोडण्यासाठी व्याजदर चढू दिले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा प्राइम दर, म्हणजे सर्वांत भरवशाच्या ग्राहकांना लावायचा व्याजदर, २१.५ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी जानेवारीत अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्याच्या निषेधार्थ कार्टर सरकारने सोव्हिएत संघाला धान्य विकणं थांबवलं होतं. धान्य पडून, व्याज दुप्पट. विकायला लोकांनी जमीन काढली आणि घ्यायला कुणी नाही. १९८६ मध्ये भाव एकरी ७८७ डॉलर. ज्याने १९७९ मध्ये १,९५८ ने घेतली त्याचं कर्ज तसंच होतं, तारण मात्र निम्म्याहून खाली आलं. बँका स्वतः बुडू लागल्या. कोर्टाच्या आवारात बुडालेल्या शेतांच्या नावाने पांढरे क्रूस रोवले गेले. सप्टेंबर १९८५ मध्ये इलिनॉयच्या शँपेनमध्ये विली नेल्सन, जॉन मेलनकॅम्प आणि नील यंग यांनी शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ हा जलसा भरवला. १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कुटुंबाच्या शेतासाठी दिवाळखोरीचं वेगळं कलम केलं.

या काळात गेले ते बहुतेक आळशी किंवा अडाणी नव्हते. चाळिशीतले, शिकलेले, सल्ला ऐकणारे, घरी परतू पाहणाऱ्या पोरासाठी जागा करायला जमीन घेणारे असे ते होते. आजोबा टिकले, कारण त्यांनी १९७० च्या दशकात जमीन घेतली नाही. आठव्या वर्षी पाहिलेला लिलाव त्यांना नडला आणि त्यानेच वाचवलं. हुशारी किती आणि जन्मसाल किती, हा हिशेब मला तरी मांडता येत नाही. मोठ्या मुलाला १९७८ मध्ये ‘तुझ्यापुरती जमीन नाही’ म्हणून त्यांनी नकार दिला असेल आणि तो डेन्व्हरला गेला असेल, तर १९८६ मध्ये धाकट्याच्या हाती कर्ज नसलेलं शेत आलं, त्याची किंमत थोरल्याने मोजली.

चार मुलं, ३२० एकर

आता २०१९. आयोवातली सरासरी जमीन त्या वर्षी एकरी सुमारे ७,४०० डॉलर होती. ३२० एकर म्हणजे साडेतेवीस लाख डॉलरहून जास्त. आजोबा कागदोपत्री लक्षाधीश, राहणी मात्र जुन्या पिकअप ट्रकची.

म्हातारपणी त्यांनी ती विकली का नाही? भावना आहेच, पण कर सल्लागारही तेच सांगतो. १९६० च्या दशकाअखेर ४०० ने घेतलेला एकर ७,४०० ला विकला तर ७,००० च्या नफ्यावर कर. तोच एकर मरेपर्यंत ठेवला तर वारसांसाठी खरेदीची किंमत मृत्यूच्या दिवशीची, म्हणजे ७,४०० धरली जाते. मधला सगळा नफा कराच्या दृष्टीने पुसला जातो. वारसा कराची माफी २०१९ मध्ये माणशी एक कोटी डॉलरच्या वर होती, म्हणून तोही नाही. २०२२ च्या पाहणीत आयोवातली ६६ टक्के शेतजमीन पासष्टीच्या पुढच्या मालकांकडे होती आणि ८४ टक्के जमिनीवर कर्ज नव्हतं, त्यामागचं एक कारण हे.

मृत्युपत्रात चौघांना समान वाटा. तीस वर्षं शेत करणारा धाकटा, आणि शहरातली तिघं भावंडं. आपल्याकडे अशा वेळी सातबाऱ्यावर नावं चढतात आणि पुढेमागे बांध पडतात. तिकडे तुकडे करत नाहीत, यंत्राला ते परवडत नाही. मग धाकट्याने तिघांचे २४० एकर विकत घ्यावेत? त्याला लागतील १७ लाख ७६ हजार डॉलर. पाच टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याज ८८,८०० डॉलर. तेच २४० एकर खंडाने घेतले तर, २०१९ च्या सरासरी दराने, एकरी २२० धरून ५२,८०० डॉलर. जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नाच्या एवढी पुढे पळालेली असते की शेती करून ती विकत घेता येत नाही. म्हणून भावंडं कुटुंबाची कंपनी काढतात, जमीन तिच्या नावे, धाकटा आपल्याच भावंडांचा खंडकरी. आयोवातली निम्म्याहून जास्त जमीन आज मालकाच्या नव्हे, दुसऱ्याच्या हाताने पिकते, त्यात अशी घरं पुष्कळ.

बापाचं प्रेम इथे कसोटीला लागतं. चौघांना सारखं दिलं तर राबणाऱ्यावर अन्याय, राबणाऱ्याला जास्त दिलं तर तिघांच्या मनात अढी. इलिनॉय विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ सोन्या सॅलमन यांनी तिथल्या गावांचा अभ्यास करून दाखवलं की जर्मन वंशाची कुटुंबं शेत घराण्यात टिकवणं हेच कर्तव्य मानत, मुलांना शेजारी बसवायला धडपडत. इंग्रजी वळणाची जुनी अमेरिकी कुटुंबं शेतीकडे धंदा म्हणून पाहत, मुलगा दुसरीकडे गेला तर त्यांना पराभव वाटत नसे. एकाच मातीत, एकाच भावाने, पन्नास वर्षांत त्यांच्या गावांची रूपं वेगळी झाली.

कंपनीच्या करारात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं कलम बाहेर पडण्याचं. ज्याला वाटा विकायचा त्याने आधी भावंडांनाच विचारायचं, किंमत कशी काढायची ते आधीच ठरलेलं, पैसे दहा-पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी. हे लिहून ठेवलं नाही आणि जमीन नुसती सामाईक राहिली, तर एखादा नातू वाटणीसाठी कोर्टात जाऊ शकतो. जमीन सोयीने तोडता येत नसेल तर कोर्ट ती विकायला लावून पैसे वाटतं. त्या लिलावात सर्वांत वरची बोली बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराची नसते, शेजारच्या शेतकऱ्याची असते. त्याची स्वतःची जमीन कर्जमुक्त आहे, आणि त्याची मुलगी शेती करायला घरी येते म्हणतेय.